अखंड दृश्य

अकरा. पहिल्यांदा मोजले तेव्हा दहाच भरले होते, म्हणून मंगळवारी दुपारी पुन्हा तिकीट काढून बसले आणि अंधारात एकेक बोट दुमडत गेले. दोन्ही हातांची बोटं संपली तरी एक उरलाच. पडद्यावर आई आणि तिची दोन मोठी मुलं जेवणाच्या टेबलाशी बसून राहतं घर सोडायचं की नाही यावर वाद घालत होती. वाद नऊ मिनिटं चालला आणि त्या नऊ मिनिटांत चित्र अकरा वेळा तुटलं. आईचा चेहरा, तुटलं, थोरल्याची बोटं, तुटलं, रिकामी चौथी खुर्ची, तुटलं. माझ्या पर्समध्ये गेल्या शुक्रवारच्या पुरवणीचं कात्रण होतं. आमच्या समीक्षकांनी त्यात लिहिलं होतं, 'टेबलाभोवतीचं हे अखंड दृश्य म्हणजे चित्रपटाचा प्राण आहे. नऊ मिनिटं कॅमेरा पापणी लवू देत नाही, संकलक कात्रीला हात लावत नाही.' अखंड दृश्य म्हणजे मधे कुठेही न तोडता एका दमात घेतलेलं दृश्य. या शब्दाला दुसरा अर्थ नाही. हा शब्द मी त्यांच्याच लेखातून शिकले होते, तेव्हा अर्थ मला चुकीचा लागला असेल तर दोष त्यांचाच. तरी बाहेर उन्हात आल्यावर मी कात्रण पुन्हा वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवून. मग बसथांब्याच्या बाकावर बसले आणि घरी जायच्या दोन बस मी जाऊ दिल्या.

मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे छापायला जाण्याआधी मजकूर वाचून चुका काढणारी. ऑफिसात मला भिंग म्हणतात, अर्थात पाठीमागे, आणि पाठीमागे म्हणतात हेसुद्धा मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. आमच्या कामाचा एक नियम आहे. शब्दाला हात लावायचा, अर्थाला नाही. लिहिणाऱ्याने सूर्य रात्री उगवला असं लिहिलं तरी आपण 'रात्री'तली वेलांटी ऱ्हस्व झालेली नाही ना एवढंच बघायचं. एकोणीस वर्षं समीक्षकांचं हस्ताक्षर मीच वाचत आले. सुरुवातीला मला त्यांच्या शब्दांचा भयंकर संशय यायचा. 'चौकट' म्हणजे काय, तर म्हणे पडद्यावर एका वेळी जेवढं दिसतं तेवढं. मग दिसतं तेवढं म्हणा ना! 'दृश्यखोली' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, हा माणूस लोकांना सरळसरळ बनवतोय, सपाट कापडाला कुठली आलीय खोली. आणि 'चौकटीबाहेरची जागा' वाचून तर मी हसलेच होते. जे दाखवलंच नाही त्याचं कौतुक करण्यासाठी पगार घ्यायचा म्हणजे कमाल झाली. ही लबाडी पकडायचीच म्हणून शनिवारी मी त्या लेखातला चित्रपट बघायला गेले. एका मुलीने जेवता जेवता मान वळवून दाराकडे बघितलं. दार दिसत नव्हतं, नुसती पावलं ऐकू येत होती, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. लबाडी नव्हती. दाराबाहेर जागा होती आणि तिथे कोणीतरी उभं होतं. त्या शनिवारपासून मी त्यांचा प्रत्येक शब्द असाच तपासत गेले आणि प्रत्येक शब्द खरा निघत गेला. संशय घेत घेत माणसावर विश्वास बसावा तसा माझा बसला, आणि मला दुसरी रीत ठाऊकही नाही. पुढेपुढे तर घरी माझी थोरली बहीण, ताई, स्वयंपाकघरात उभी असली तरी मला ती दाराच्या चौकटीत डावीकडे, खिडकीच्या उजेडाला पाठ करून दिसायची. दिवसभर ते शब्दच माझ्या डोळ्यांवर असायचे.

आता हे अकरा कट, म्हणजे चित्र तुटतं त्या जागा. मुळात मी त्या चित्रपटाला गेलेच का, तर पुरवणीच्या संपादकांमुळे. हा माणूस माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बोलणं लोण्यासारखं. सोमवारी माझ्या टेबलाशी आला आणि खुर्ची ओढून बसला. हा कधी बसत नाही.

"बाई, वाचकांसाठी एक पान करतोय. चित्रपट-समीक्षेची भाषा समजून घेऊ या, असं काहीतरी. वीसेक शब्द घ्या, सोपा अर्थ द्या आणि प्रत्येकाला एक उदाहरण. सरांच्याच लेखांतलं."

"मी? मी कशाला? सरांनाच सांगा ना."

"त्यांना कशाला त्रास. तुमच्याइतकं त्यांना कोणी वाचलंय का?" उठता उठता तो म्हणाला, "आणि उदाहरणं ताजी घ्या हं. गेल्या दोन वर्षांतलीच. गुरुवारी दुपारी बारापर्यंत द्या."

ताजीच का? चांगलं उदाहरण जुनं झालं म्हणून सडतं का? तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. अकरा मोजून झाल्यावर तर खात्रीच पटली की इथे कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते याला ठाऊक आहे. सरांचं सदर बंद करून ती जागा दुसऱ्या कोणाला द्यायची असेल, तर चुका शोधायला भिंगापेक्षा चांगलं माणूस कुठे मिळणार? सत्तरीला आलेला माणूस, अठ्ठावीस वर्षांचं सदर, बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. दर शुक्रवारचा तो दीड कॉलम गेला की उरणार काय त्याच्याकडे? मला ते सगळं समजत होतं. आणि तरी मी मंगळवारी संध्याकाळी ऑफिसच्या तळघरात उतरले, बांधलेल्या जुन्या अंकांचे गठ्ठे काढले आणि डोळ्यांत तेल घालून वाचत बसले. मोडू म्हटलं तरी मोडत नाही असा स्वभाव माझा.

तळघरात जे सापडलं त्याने मी हादरले. पाच वर्षांपूर्वीच्या एका लेखात चौकट सात वेळा होती, उजेड चार वेळा, समीपदृश्य, म्हणजे अगदी जवळून दाखवलेला चेहरा, तीन वेळा. 'नायिकेच्या गालावर जाळीची सावली पडते आणि ती काही बोलायच्या आत आपल्याला तिचं उत्तर कळतं' असली वाक्यं. मग दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यानंतर उजेड कमी होत गेला. सावल्या गेल्या. कोणाच्या कपड्यांचा रंग कुठेच नाही. त्या जागी शांतता आली, श्वास आला, पायरव, कुजबुज, लय, दोन वाक्यांमधला ठेका. लेख वाईट नव्हते, उलट एक-दोन तर जुन्यापेक्षा सरस होते, पण ते त्याच माणसाचे नव्हते. हे सगळं माझ्याच हाताखालून गेलेलं होतं. मी त्यातले काना-मात्रा तपासले होते आणि माणूस बदललेला मला दिसला नव्हता! मला आधी राग आला तो याचा. मग वाटलं, यांना कोणीतरी लिहून देतंय, एखादी गाणंबजावणं कळणारी व्यक्ती. किंवा हे जातच नाहीत चित्रपटाला, घरी बसून रेडिओवरच्या जाहिराती ऐकतात आणि ठोकून देतात. एकोणीस वर्षं मी ज्याच्या शब्दांनी बघत आले तो माणूस मला दोन वर्षं फसवत होता. आणि खोटं कशाला बोलू, मला थोडा आनंदही होत होता.

हा आनंद माझ्या ओळखीचा आहे. लग्नाच्या सातव्या वर्षी नवऱ्याच्या बोलण्यात मला एक बारीकशी चूक सापडली होती. ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकलो म्हणून उशीर झाला असं तो म्हणाला आणि त्या इमारतीची लिफ्ट महिनाभर बंद असल्याचं मला त्याच्याच तोंडून कळलेलं होतं. मी त्याचं ताट वाढलं. पुढचे आठ दिवस त्याच्या वाक्यांमागून चालत राहिले आणि नवव्या दिवशी, त्याचा भाऊ आणि भावजय समोर बसलेले असताना, एकेक पुरावा मांडून त्याला तोंडघशी पाडलं. मला वाटलं होतं बाई असेल. बाई नव्हती. त्याची नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली होती आणि तो रोज डबा घेऊन निघून वाचनालयात बसत होता. भावासमोर हे निघालं. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, एखाद्या बरोबर उत्तराला हलवतात तशी. वर्षभरात तो भावाकडे राहायला गेला तो गेलाच. मी बरोबर पकडलं होतं. ही गोष्ट मी स्वतःला कितीदा तरी सांगितली आहे आणि ती खोटी नाही.

बुधवारी सकाळी नव्या चित्रपटाचा पत्रकारांसाठीचा खेळ होता. संपादकांकडून पास मागून घेतला, 'यादीसाठी' म्हणून. त्याने इतक्या पटकन दिला की मला पुन्हा शंका आली. छोटं चित्रगृह, माणसं वीस-बावीस. सर कडेच्या खुर्चीवर एकटेच बसले होते. मी दोन रांगा मागे, थोडी तिरकी, अशी बसले की त्यांचा अर्धा चेहरा मला दिसावा. शेजारी कोणी लिहून घेणारं नव्हतं. म्हणजे येतात तर खरे. दिवे मालवले, चित्रपट सुरू झाला आणि पाचच मिनिटांत मला जे हवं होतं ते सापडलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते! मान डावीकडे वळवलेली, नजर भिंतीवरच्या बाहेर जायच्या लाल पाटीवर. अधूनमधून पडद्याकडे बघायचे आणि कंटाळल्यासारखे पुन्हा पाटीकडे. मी त्यांच्यावरची नजर काढली नाही. पडद्यावरचा उजेड त्यांच्या चष्म्याच्या काचेवर हलायचा, पांढरा, निळा, पुन्हा पांढरा. एकदा सगळे हसले आणि तेही हसले, पण हसताना तोंड पाटीकडेच. तुच्छता म्हणावी तर किती! माणसांनी वर्षं घालवून काहीतरी बनवलेलं असतं आणि हे भिंत बघतात आणि शुक्रवारी पापणी लवत नाही म्हणून लिहितात. चित्रपट संपेपर्यंत माझ्या मनात खटला उभा राहिला होता.

बाहेरच्या दालनात ते खांबाला टेकून उभे होते. मी जवळ जाऊन नाव सांगितलं. त्यांनी आधी माझ्या कानाकडे बघितलं आणि मग ओळखीचं हसले.

"अरे, तुम्ही इकडे कुठे? वेलांटी चुकली का कोणाची?"

"सहज आले, सर. कसा वाटला?"

"ऐकण्यासारखा आहे," ते म्हणाले. बघा, ऐकण्यासारखा! मी खडा टाकून बघायचं ठरवलं. छत्री मला त्या क्षणी सुचली, डोक्यात आली आणि बोलून गेले.

"शेवटच्या दृश्यातली ती लाल छत्री मला फार आवडली."

ते खांबापासून सरळ झाले. कपाळाला आठी पडली. मग हळूहळू चेहरा असा उजळला की मी चपापलेच.

"लाल," ते म्हणाले. "हो. हो, लालच. त्याशिवाय ती इतका वेळ गप्प का राहील. बरं झालं बोललात." आणि माझ्या हातावर थोपटून, भिंतीला हात लावत लावत ते जिना उतरून गेले.

अलगद सापडले! संध्याकाळी जेवताना मी ताईला सगळं रंगवून सांगितलं, अकरा कट, तळघर, लाल पाटी, छत्री. ताई चाळीस वर्षं परिचारिका होती, त्यांतली निम्मी डोळ्यांच्या वॉर्डात. तिचा घास हातातच राहिला.

"पाटीकडे बघत होते म्हणतेस? मान अशी करून?" तिने मान वाकडी करून दाखवली. तीच मान.

"अशीच. तुला कसं ठाऊक?"

"अगं, पडद्याचं मधलं जळतं म्हाताऱ्यांचं. डोळ्याच्या पडद्याचं, तुझ्या सिनेमाच्या नव्हे. समोर बघावं तिथे नेमका काळा डाग. म्हणून कडेने बघतात बिचारे. तोंडाकडे बघायचं तर कानाकडे बघतात. आमच्याकडे एक मास्तर होते, बायको समोर उभी राहिली की तिच्या खांद्याशी बोलायचे." मग घास तोंडात घालून ती म्हणाली, "आणि तू त्यांना छत्री दाखवलीस. धन्य आहे तुझी."

मी उठून हात धुतले. मग खोलीत जाऊन डोळे मिटून उभी राहिले आणि ते टेबलावरचं भांडण आठवून बघितलं. चमचे वाजत होते, थोरला बोलत होता, त्याच्या बोलण्यावर आईचं बोलणं चढत होतं, खुर्ची मागे सरकत होती. आवाज कुठेही तुटत नव्हता. नऊ मिनिटं एका दमात. डोळे मिटले तर ते अखंडच दृश्य होतं.

गुरुवारी ठरवूनच गेले होते की यादी द्यायची, अखंड दृश्याला एखादं जुनं उदाहरण घालायचं आणि मूग गिळून गप्प बसायचं. सर अकराला लेख घेऊन आले, दर गुरुवारी येतात तसे, आणि मजकूर वाचून होईपर्यंत माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले. पानावरची अक्षरं वर्षभर मोठी होत आली होती. म्हातारपणी मिजास वाढली, असं मी समजत होते. वाचायला लागले. पहिले दोन परिच्छेद श्वासांचे आणि पायरवांचे. तिसरा परिच्छेद छत्रीचा.

अख्खा परिच्छेद! 'दोन तास या चित्रपटाने रंग उधळायचं टाळलं आहे, आणि मग अगदी शेवटी एक लाल छत्री उघडते. ती काही सांगत नाही. जिच्या हातात ती आहे ती बाईही काही सांगत नाही. पण चौकटीतला सगळा उजेड त्या लाल रंगापाशी येऊन थांबतो आणि इतका वेळ आपण कशाची वाट बघत होतो ते आपल्याला कळतं.' दोन वर्षांनी उजेड आला होता. चौकट आली होती. तळघरातल्या त्या जुन्या लेखांतला माणूस परत आला होता आणि मी दालनात उभ्या उभ्या मारलेल्या थापेच्या पायावर उभा होता. हे उद्या छापून येणार, उद्याच चित्रपट लागणार, आणि शेवटी छत्री न सापडलेला पहिला वाचक फोन उचलणार. संपादकाला यादीची गरजसुद्धा उरणार नव्हती. शब्दाला हात लावायचा, अर्थाला नाही, हा माझा नियम. मी पेन खाली ठेवलं.

"सर," मी म्हणाले, "छत्री नव्हती."

त्यांनी माझ्या खांद्याकडे बघितलं. "नव्हती?"

"मी खोटं बोलले. तुम्ही बघता की नाही ते बघायला."

त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. बाजूच्या टेबलावर कोणाचा तरी फोन वाजून थांबला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"असं होय," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला कळलंय. कळलंय आणि बोलून न दाखवता मला सांगताय, काय होतं ते. काल घरी जाऊन मी फार खूश होतो हो. म्हटलं, चला, कोणीतरी सांगणारं मिळालं."

"त्या टेबलाच्या दृश्यात अकरा कट आहेत," मी म्हणाले. हे मला का बोलावंसं वाटलं, देव जाणे. बहुधा एकदाचं सगळंच सांगून मोकळं व्हायचं होतं.

"अकरा?" त्यांनी डोळे मिटले. "कट ऐकू येत नाहीत मला." मग खुर्ची पुढे ओढून, अगदी कामाच्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. अर्धा तास आहे ना? परिच्छेद नवा करू. सांगा, शेवटी काय होतं?"

मी तोंड उघडलं. शेवटी संगीत थांबलं होतं. कोणीतरी बराच वेळ गप्प होतं. त्यांच्या चष्म्यावर पांढरा उजेड आला होता आणि मग दिवे लागले होते. मी पुन्हा आठवून बघितलं, मागून, पुढून. नायिकेचे केस लांब होते की आखूड? घर होतं की रस्ता? दोन तासांतली एक चौकट मला सांगता येईना. मग छत्री नव्हती हे तरी मी कशाच्या जोरावर सांगत होते? कदाचित असेलही छत्री. लाल असेल, काळी असेल, पाऊस असेल.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी पडद्याकडे बघितलंच नाही. मी तुमच्याकडे बघत होते."

"दोन तास?"

"दोन तास दहा मिनिटं."

तेवढ्यात संपादक आला. त्याने माझ्या हातून लेख घेतला, सरांच्या डोक्यावरून तो वाचला आणि छत्रीच्या परिच्छेदाशी थांबला. "वा, सर! हे तर जुन्या दिवसांसारखं." मग माझ्याकडे वळून, "यादी झाली? अखंड दृश्याला काय घेतलंत? गेल्याच आठवड्यातलं एक होतं ना, टेबलाचं?"

त्याला ठाऊक होतं. नाहीतर ते एकच उदाहरण त्याच्या तोंडावर कसं येईल? की ठाऊक नव्हतं आणि खरोखरच त्याला ते आवडलं होतं? मी त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघितलं आणि पहिल्यांदाच मला त्यातलं काही वाचता आलं नाही.

"जुनं घेतलंय," मी म्हणाले. "बारा वर्षांपूर्वीचं. सोपं आहे वाचकांना. आणि हा छत्रीचा परिच्छेद काढावा लागेल. जागेत बसत नाही."

"बसतोय की. मी मापून दिलेत शब्द."

"बसत नाही," मी म्हणाले आणि लेख त्याच्या हातून काढून घेऊन लाल पेनाने परिच्छेदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. एकोणीस वर्षांत असं मी कधी केलं नव्हतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग सरांकडे, मग खांदे उडवून गेला. तो परत येईल. आज नाही तर पुढच्या गुरुवारी येईल आणि खुर्ची ओढून बसेल.

सर हलले नव्हते. त्यांना रेघेचा आवाज आला असावा.

"दोन वर्षं झाली," ते हळूच म्हणाले, "आरशात मला तोंड दिसत नाही. कान दिसतात, केस दिसतात, मधलं गेलं. दाढी हाताने करतो." मग मान वाकडी करून, माझ्या शेजारच्या खिडकीकडे बघत त्यांनी विचारलं, "तुम्ही दोन तास बघितलंत. कसा दिसत होतो मी?"

माझ्या जिभेवर पहिला शब्द आला तो चौकट. दुसरा आला उजेड. दोन्ही त्यांचेच होते. मी ते गिळले आणि बराच वेळ नुसती त्यांच्याकडे बघत बसले, काही न शोधता.

"थकलेले दिसता," मी म्हणाले. "हनुवटीखाली डावीकडे दाढी राहून जाते. आणि लोक हसले की तुम्ही क्षणभर थांबता आणि मग हसता."